अंगठा

धाकट्याच्या लग्नासाठी बायोडाटा करायला बसलो तेव्हा ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी आम्ही दोघं अर्धा तास अडलो होतो. शेवटी ‘स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षक, मालवण’ असं लिहिलं. प्रशिक्षक हा शब्द तेव्हा जरा आगाऊच होता, परीक्षा अजून व्हायची होती; पण बायोडाट्यात एवढं चालतं. अमळनेरकडचे पाहुणे आले. चहा झाला, कागद हातात घेतला आणि त्यांनी विचारलं, “पोऱ्या काय करस? मास्तर शे का?”

म्हटलं, मास्तरच. पाण्याखाली श्वास कसा घ्यायचा ते शिकवतो.

त्यांनी जरा विचार केला. “मंग अनुदानित शे का विनाअनुदानित?”

घरात सगळे खो खो हसले. मी हसलो नाही, कारण माझी स्वतःची पहिली नऊ वर्षं विनाअनुदानितमध्ये गेलीत. त्या प्रश्नाचं वजन काय असतं ते मला माहीत आहे.

वजनावरून आठवलं. चोपडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी 32 वर्षं विज्ञान शिकवलं. ‘हवेला वजन असतं’ हे दाखवायला दरवर्षी एका काठीच्या दोन टोकांना दोन फुगे बांधायचे, काठी मधोमध दोऱ्याला टांगायची आणि एक फुगा टाचणीनं फोडायचा. काठी कलते. कलते म्हणजे, कललीच पाहिजे म्हणून मुलं ‘हो सर’ म्हणतात. मागच्या बाकावरचा एखादा म्हणायचाच, सर, पंख्यानं हललं असंल. बॉइलचा नियमही असाच. 1662 सालचा नियम मी इंजेक्शनच्या रिकाम्या सिरिंजवर शिकवला. सुई काढायची, तोंडाला बोट लावायचं, दट्ट्या दाबायचा. दाब वाढला की आकारमान कमी, दाब सोडला की पुन्हा होतं तेवढं. गुण दोन, आकृतीसह तीन.

हे सगळं समुद्रापासून किती लांब बसून शिकवत होतो, याचा विचार कधी केला नाही. आमच्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी. मुलताईला उगम, 724 किलोमीटरचा प्रवास, सुरतजवळ अरबी समुद्राला मिळते, हे नकाशावर छडी फिरवून किती वर्गांना सांगितलं असेल. स्वतः समुद्र पाहिला तो वयाच्या चाळिशीत, शाळेची सहल घेऊन गणपतीपुळ्याला गेलो तेव्हा. तेही मुलं मोजण्यातच सगळा वेळ गेला.

आम्हाला पाणी म्हणजे विहीर. मळ्यातली आमची विहीर अकरा परस होती. परस म्हणजे उभा माणूस, आम्ही साडेपाच फूट धरतो. 1998च्या एप्रिलमध्ये तिला तीन-साडेतीन परस तरी पाणी होतं. आता त्याच विहिरीत निवडुंग उगवलाय आणि केळीला पाणी बोअरचं आहे, ते जाऊ द्या. तेव्हा परीक्षा संपल्या की गावातली सगळी पोरं विहिरीवर. पाठीला गोडेतेलाचा रिकामा, झाळून बंद केलेला पत्र्याचा डबा बांधायचा आणि सोडायचं. डब्यावर आठ-दहा दिवस हातपाय मारले की डबा सुटतो. मोठी पोरं वरून मुटके मारत असतात, त्या लाटांमध्येच लहानगी शिकतात. मीही तसाच शिकलो होतो. म्हणजे माझ्या काकांनी मला एके दिवशी न विचारता ढकलून दिलं होतं, त्याला आम्ही शिकणं म्हणतो.

धाकटा तेव्हा आठ वर्षांचा. डबा सोडायला तयार होईना. रोज ‘उद्या’ म्हणायचा. पंधराव्या दिवशी मी पायरीवर त्याच्याशी बोलत बोलत मागून गाठ सोडली आणि दिलं ढकलून. दोनदा वर आला, तिसऱ्यांदा आला नाही. शेजारच्या मळ्यातल्या एका पोरानं उडी टाकून त्याला काढला. उलटा धरल्यावर पाणी आलं, मग रडणं आलं. मी सगळ्यांना सांगितलं, होतं असं, उद्या बघा कसा पोहतो. त्यानंतर चार वर्षं तो त्या विहिरीच्या काठाला फिरकला नाही. आम्ही दोघं त्यावर कधी बोललोही नाही.

पुढे पुण्यात इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलजवळच्या तलावात तो आपला आपण पोहायला शिकला. नोकरी लागली, मित्रांबरोबर मालवणला गेला, आणि दोन वर्षांत नोकरी सोडली. मधलं सगळं सांगत बसत नाही. घरोघरी अशी भांडणं होतात, शब्दसुद्धा तेच असतात.

मागच्या फेब्रुवारीत मी त्याच्याकडे आठ दिवस राहिलो. मार्चमध्ये तो परीक्षा पास झाला हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला उगाच धाकधूक नको. जाण्याआधी त्यानं फोनवर एक छापील फॉर्म पाठवला होता: दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, वय 45च्या वर आहे का. माझी रक्तदाबाची गोळी चालू. त्यामुळे डॉक्टरची सही लागणार. जळगावचे डॉक्टर माझेच विद्यार्थी. फॉर्म वाचून म्हणाले, “सर, तुम्ही कशाला?” मी म्हटलं, तू सही देणार की नाही ते सांग. त्यांनी कान तपासले, ईसीजी काढला, छातीचा फोटो काढला, स्ट्रेस टेस्टसाठी पट्ट्यावर पळवलं आणि मगच सही केली. हे मला आवडलं. दोन वर्षांपूर्वी आमचा एक भाचा कुठल्याशा किनाऱ्यावर पैसे भरून दहा मिनिटं पाण्याखाली जाऊन आला होता. त्याला ना काही विचारलं, ना सांगितलं. फोटो काढले, माशांना पाव टाकला आणि वर आणलं. महिनाभर कान धरून बसला होता.

दादरहून तुतारी एक्स्प्रेस, कुडाळला उतरायचं. सोबत कळण्याचं पीठ, दोन किलो शेव आणि ठेचा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. धाकटा त्याच किनारपट्टीवर एका लहान खासगी केंद्रात असतो. पहिल्याच संध्याकाळी तिथल्या पोरांनी शेवभाजीचा फडशा पाडला आणि मी ‘काकानू’ झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाक्या लावायला म्हणून मी पुढे झालो तर एक उचलेना. तिला हे लोक टाकी म्हणतात. आपल्या बाहेरच्या जगात तिला ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ म्हणतात, आणि तो शब्द ऐकला की धाकट्याचं तोंड कडू होतं. आत साधी हवाच असते, तुमच्या-माझ्या नाकातली, फक्त गाळून, कोरडी करून, 200 बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळजवळ दोनशेपट दाबानं भरलेली. टाकी 11 लिटरची, म्हणजे आत 2200 लिटर हवा. मी तिथेच हिशेब केला. लिटरला सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे अडीच किलोच्या वर नुसती हवा. धाकटा म्हणाला, बरोबर, म्हणून तर टाकी संपत आली की माणूस हलका होऊन वर तरंगायला लागतो, ते धरूनच कमरेला शिसं बांधावं लागतं.

अडीच किलो हवा! बत्तीस वर्षं मी फुगे फोडत बसलो.

त्या आठवड्यात केंद्रात धाकट्यासह चार उमेदवारांचा इन्स्ट्रक्टरचा अभ्यासक्रम चालू होता. ‘पॅडी’ नावाची संस्था 1966 साली अमेरिकेत निघाली, तिचा हा अभ्यासक्रम. नाव ऐकून मला आधी भाताचं वाण वाटलं होतं. इथवर यायला आधी डाइव्हमास्टर व्हावं लागतं. त्यात 400 मीटर पोहणं, 15 मिनिटं जागच्या जागी तरंगणं आणि त्यातली शेवटची दोन मिनिटं हात पाण्याबाहेर, दमलेल्या माणसाला 100 मीटर ओढत नेणं, असं बरंच काही. परीक्षेला बसायचं तर 100 डाइव्ह वहीत नोंदलेल्या हव्यात. ती वही मी चाळली. तारीख, जागा, खोली, वेळ, सुरुवातीला हवा किती, शेवटी किती, आणि खाली दोन ओळी. आमच्या टाचणवहीसारखीच. फरक एवढाच की आम्ही महिन्याचं टाचण शेवटच्या शनिवारी एका बैठकीत लिहायचो.

तीन मीटर खोल तलावाच्या काठावर खुर्ची टाकून मी त्यांचे सराव पाठ बघितले. एक जण शिक्षक, बाकीचे विद्यार्थी. मॅडम, म्हणजे त्यांच्या मुख्य प्रशिक्षक, पाटी-पेन्सिल घेऊन पाण्याखाली बाजूला. गंमत अशी की पाण्यात उतरण्याआधी मॅडम ‘विद्यार्थ्या’ला गुपचूप बाजूला घेऊन सांगतात, तू अमुक चूक कर. कोणाला सांगतात, मास्क काढताना श्वास धरून ठेव. कोणाला, हळूच वर तरंगायला लाग. शिक्षकाला काही माहीत नसतं. त्यानं ती चूक हेरायची, वेळीच हेरायची, आणि एक शब्दही न बोलता सुधारायची. हेरली नाही तर गुण गेले.

आमच्या बी.एड.च्या सराव पाठांना परीक्षक मागच्या बाकावर निरीक्षणवही घेऊन बसायचे, आणि आदल्या दिवशी आम्ही मुलांना बजावून ठेवायचो: उत्तर येत असेल तर उजवा हात वर करा, येत नसेल तर डावा. सगळा वर्ग हात वर. परीक्षक खूश. हेतुपुरस्सर चुकणारा विद्यार्थी ही कल्पना आमच्या बी.एड.ला झेपली नसती. नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझी कोणती चूक पकडली गेली असेल तर ती हजेरीपटातली बेरीज.

दुसरी गोष्ट प्रात्यक्षिकाची. मास्कमध्ये शिरलेलं पाणी काढणं हे काम त्यांना एका सेकंदात जमतं. पण दाखवताना ते इतकं सावकाश आणि इतकं ठळक करायचं की जणू तमाशातला सोंगाड्या आंधळ्याचं सोंग वठवतोय. पाचपैकी पाच गुण त्याला, जो सगळ्यात हळू. धाकट्याला पहिल्या दिवशी तीन मिळाले. मॅडम म्हणाल्या, तुला येतं ते दिसतंय; कसं येतं ते दिसत नाहीये. हे वाक्य मी घरी आल्यावर लिहून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी मी उतरलो. धाकट्याला अजून स्वतंत्र शिकवायची परवानगी नव्हती. शिकवणाऱ्या मॅडम, हा मदतीला. आधी काठावर त्यांनी नियम सांगितला: काहीही होवो, श्वास धरायचा नाही. मी म्हटलं, अहो, पाण्यात गेल्यावर श्वास धरतात एवढं तर म्हशीलाही कळतं. मॅडमनी धाकट्याकडे बघितलं. तो म्हणाला, “अप्पा, सिरिंज.”

मग मला कळलं, आणि कळल्यावर लाज वाटली. विहिरीत आपण वरून छातीभर हवा घेऊन जातो. खाली ती दाबली जाते, वर आलो की पुन्हा तेवढीच होते. फाटायचं कारणच नाही, म्हणून श्वास धरणं तिथे शहाणपण. पण इथे हवा खाली गेल्यावर घ्यायची. समुद्रात दर 10 मीटरला एका वातावरणाचा दाब वाढतो. 10 मीटर म्हणजे आमचे सहा परस. तिथे घेतलेली छातीभर हवा वर येईपर्यंत दुप्पट होते, आणि तोंड बंद असेल तर ती फुप्फुसातून वाट काढते. सहा परस लांबच राहिले, दीड मीटर पाण्यातूनही श्वास धरून वर आलेल्याला इजा होऊ शकते. माझाच नियम, माझंच बोट सिरिंजच्या तोंडावर. तीन गुणांचा प्रश्न.

पाण्याखाली पहिला श्वास घेतला तेव्हा छातीनं तो नाकारला. मन सांगतंय घे, छाती म्हणतेय वेडा झालास का. मग घेतला. हवा कोरडी, घशाला लागणारी, आणि सोडताना कानाशी हुक्क्यासारखी गुडगुड. तळाशी गुडघ्यांवर बसलो. पाण्यात मास्कमधून सगळं तिसऱ्या हिश्शानं मोठं आणि जवळ दिसतं, त्यामुळे समोर बसलेल्या धाकट्याचे डोळे मला मोठे दिसत होते, लहानपणी होते तसे. आवाज येतो, पण कुठून ते कळत नाही. पाण्यात तो चौपट वेगानं धावतो, दोन्ही कानांना एकदमच पोचतो.

मास्कमध्ये थोडं पाणी घ्यायचं आणि नाकानं फुंकून बाहेर काढायचं. मॅडमनी दाखवलं. धाकट्यानं परत दाखवलं: मी, बघा, वरची कड दाबली, मान वर, आणि फू. मी पाणी घेतलं, आणि फुंकायच्या ऐवजी नाकानं ओढलं.

पुढचं नीट आठवत नाही. ठसका, पाय झाडणं, वर जायचंय एवढंच. मॅडमचा हात माझ्या जॅकेटवर होता हे मला नंतर कळलं. दिसत होता तो समोरचा तळवा. धाकट्यानं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला होता आणि दुसरा स्वतःच्या तोंडासमोर धरून पुढे-मागे, पुढे-मागे, अगदी संथ नेत होता. बाहेर. आत. बाहेर. दुसरं काही नाही. खुणा नाहीत, घाई नाही. माझा ठसका थांबला. तरी तो थांबून राहिला. मी मान हलवली, तरी थांबून राहिला. वर्गात हीच वेळ असती तर मी एव्हाना सहा वाक्यं बोललो असतो, त्यातली दोन टोमण्याची. किती वेळ गेला म्हणून वर आल्यावर विचारलं तर म्हणाला, पावणेदोन मिनिटं असतील. मग मीच बोट वर केलं: पुन्हा करतो. चौथ्या खेपेला जमलं.

हसू आलं, तर मास्कमध्ये भसकन पाणी शिरलं. गालाला सुरकुत्या पडल्या की कड सुटते. ती पाचवी खेप आपोआप झाली.

समुद्रात गेलो ते पाचव्या दिवशी. सिंधुदुर्ग किल्ला डाव्या हाताला. 1664 साली काम सुरू झालेला तो तट बोटीतून बघताना आपण त्याच्या पायाशी बुडी मारणार आहोत हे खरं वाटत नव्हतं. इथल्या पाण्याचा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. दोरीला धरून, दर हातभरावर नाक दाबून कान मोकळे करत उतरलो. पाणी हिरवट, धूसर, तळ्यात सूर मारल्यावर दिसतं तसं. मग एकदम खडक, त्यावर मेंदूसारखी घड्या पडलेली पोवळी, आणि पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे, शाळा सुटल्यासारखे. खोलीमापकावर आकडा 6.8. म्हणजे चार परस. आमच्या विहिरीच्या पाण्यापेक्षा थोडंसंच जास्त.

धाकट्यानं विचारलं, ठीक? अंगठा आणि तर्जनीचं गोल. मी इतका खूश होतो की सरळ अंगठा वर केला. बत्तीस वर्षांची सवय. फळ्यावर गणित बरोबर सोडवलं की मी असाच अंगठा दाखवायचो.

पाण्याखाली अंगठा वर म्हणजे वर जायचं. शाबास नव्हे. काठावर तीनदा सांगितलं होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं, आणि स्वतः अंगठा वर केला. मॅडमनीही केला. मी मान हलवत होतो, नाही नाही, पण तोवर आम्ही निघालो होतो, अगदी हळू, आपल्याच बुडबुड्यांच्या मागे. 5 मीटरवर तीन मिनिटं थांबलो, हवेतला नायट्रोजन अंगातून निघून जावा म्हणून. गोटी सोडा फटकन उघडला की कसा उसळतो, तसं रक्ताचं होऊ नये म्हणून हे थांबणं. एवढ्या उथळ डाइव्हला त्याची गरज नव्हती, पण माझं वय.

बोटीत कोणी काही विचारलं नाही. का आलात, काय झालं, घाबरलात का, काही नाही. त्यांचा नियमच तसा आहे: एकानं अंगठा दाखवला की डाइव्ह संपली, कारण मागायचं नाही. बोटीवरच्या पोरानं पाणी दिलं आणि म्हणाला, “बसा काकानू.” पाच मिनिटांनी मीच म्हटलं, अंगठा चुकून वर गेला. धाकटा म्हणाला, “चालतं अप्पा. परत जायचंय?”

परत गेलो. यावेळी 22 मिनिटं.

संध्याकाळी सगळं सामान गोड्या पाण्यात बुडवून धुवायचं असतं. मिठानं रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणारी यंत्रं, खराब होतात. तो धूत होता, मी जॅकेटं वाळत घालत होतो. पाठमोरा होतो म्हणूनच बहुधा बोलता आलं. म्हटलं, “त्या वेळी डबा मी मुद्दाम सोडला होता.”

“माहितीये.”

मग बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज.

“डब्याचं काही नाही हो अप्पा,” तो म्हणाला. “तुम्ही काठावर हसत होतात, तेवढं डोक्यात राहिलंय.”

हसत होतो. तो घाबरू नये म्हणून हसत होतो. माझे काकाही हसले होते. हे त्याला सांगावं असं वाटलं, पण तो रेग्युलेटरचं टोपण घट्ट बसलंय की नाही ते बोटानं चाचपत होता. त्यातून एक थेंब आत गेला तरी यंत्र बिघडतं. मी पुढचं जॅकेट उचललं.

दुसऱ्या दिवशी निघायचं होतं, त्यानं निघू दिलं नाही. म्हणाला, गाडी इगतपुरीला सहाशे मीटरच्या आसपास चढते, पाण्यातून आल्यावर एवढ्या लवकर उंचीवर जायचं नाही, एक दिवस थांबा. मी थांबलो. त्यानं कळण्याच्या भाकरी केल्या, जाड झाल्या होत्या, खाल्ल्या.

कसारा घाटात गाडी चढायला लागली तसे कान दडले. हात आपोआप नाकाकडे गेला. मग आठवलं, नाक दाबायचं ते खाली जाताना. समोरच्या बर्थवरच्या बाईंनी विचारलं, “सर्दी झालीय का?”

म्हटलं, हो.